आफ्रिकन सफारीचा महिना कसा ठरवायचा: पैसे भरण्याआधीचे सात टप्पे

मे महिन्याची सुट्टी, केनियातलं मसाई मारा राखीव क्षेत्र आणि नदी ओलांडणारे हजारो विल्डबीस्ट (गवतावर चरणारे, हरणांच्या जातीचे मोठे प्राणी). सफारीची चौकशी करणारे बरेच जण या तीन गोष्टी एका दमात मागतात, आणि त्या एकत्र मिळत नाहीत. मे महिन्यात मारा नदीवर हे कळप नसतातच. ते तेव्हा शेजारच्या टांझानियात, सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यानाच्या मधल्या आणि पश्चिम भागातून सरकत असतात, आणि केनियात पावसाचा मोठा हंगाम संपलेला नसतो. तरीही दरवर्षी कुटुंबंच्या कुटुंबं हे पॅकेज घेतात, कारण निर्णयांचा क्रम उलटा असतो. आधी सुट्टी, मग विमानाचं तिकीट, मग हॉटेल, आणि तिथे त्या दिवसांत काय दिसतं हा प्रश्न सगळ्यात शेवटी.

‘सफारीला चांगला महिना कोणता?’ या प्रश्नाला एकच उत्तर नाही. महिना आणि जागा यांची जोडी जुळवायची असते. खालचे टप्पे त्याच क्रमाने करा. भर केनिया-टांझानियावर आहे. मे महिन्यासाठी मात्र आफ्रिकेच्या दक्षिण भागात जावं लागेल.

## टप्पा १: काय बघायचंय ते एका वाक्यात लिहून काढा

‘सगळं बघायचंय’ असं लिहू नका, त्यावरून महिना निघत नाही. घरातल्या प्रत्येकाला एकच गोष्ट निवडायला सांगा. उत्तरं साधारण अशी येतात:

- मारा नदी ओलांडणारे कळप
- विल्डबीस्टची नवजात पिल्लं आणि त्यांच्या मागावरचे चित्ते, तरस
- सिंह, हत्ती, बिबट्या, जमल्यास गेंडा
- किलिमांजारोच्या पार्श्वभूमीवर हत्ती
- डोंगरातले गोरिला

पहिल्या दोन गोष्टी महिन्याला घट्ट बांधलेल्या आहेत. तिसरी नाही. सिंह, हत्ती, बिबटे स्थलांतर करून मारा सोडून जात नाहीत, ते बाराही महिने तिथेच असतात. टांझानियातल्या न्गोरोंगोरो या जुन्या ज्वालामुखीच्या विवराच्या तळावरही वर्षभर प्राणी असतात आणि गेंडा दिसण्याची शक्यता तिथे बरी असते. तुमचं उत्तर तिसरं असेल, तर जुलै-ऑगस्टची गर्दी आणि दर अंगावर घ्यायचं कारणच उरत नाही. घाईघाईत बहुतेकांच्या लक्षात न येणारी गोष्ट हीच.

गोरिलांसाठी युगांडा किंवा रवांडा. तिथे जून ते सप्टेंबर आणि डिसेंबर ते फेब्रुवारी हे तुलनेने कोरडे महिने चढणीला सोयीचे पडतात. पण १५ वर्षांखालच्या मुलांना या ट्रेकला नेत नाहीत. मुलं लहान असतील तर हा पर्याय इथेच बाजूला ठेवा.

तपासा: दोघांची उत्तरं दोन वेगळ्या महिन्यांतली निघाली, तर आत्ताच एक निवडा. दोन्ही एका सहलीत कोंबायला गेलात तर दोन्ही हुकतात.

## टप्पा २: पावसाचे दोन वेगळे नकाशे डोक्यात बसवा

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो, कारण ‘आफ्रिकेतला पाऊस’ अशी एकच गोष्ट आपण धरून चालतो.

पूर्व आफ्रिका, म्हणजे केनिया आणि टांझानियाचा उत्तर भाग: विषुववृत्ताजवळ असल्यामुळे पावसाचे हंगाम दोन. मार्चच्या मध्यापासून मेपर्यंत मोठा पाऊस. त्याला तिथे ‘मसिका’ म्हणतात. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये छोटा पाऊस, ‘वुली’. मधले दोन काळ कोरडे: जून ते ऑक्टोबर हा लांब, जानेवारी-फेब्रुवारी हा आखूड.

दक्षिण आफ्रिका, बोत्स्वाना, नामिबिया, झिंबाब्वे, झांबिया: इथे हंगाम एकच. साधारण नोव्हेंबर ते मार्च पाऊस आणि उन्हाळा, मे ते ऑक्टोबर कोरडं. जून-जुलैला तिथे हिवाळा असतो. आपल्याकडे पावसाळ्याची तयारी चालू असते तेव्हा दक्षिण आफ्रिकेतल्या क्रूगर उद्यानात गवत वाळून विरळ होत असतं.

कोरड्या दिवसांचं महत्त्व ऊन-पावसापुरतं नाही. रानातली डबकी आटली की प्राण्यांना नदीवर किंवा पाणवठ्यावर यावंच लागतं, आणि गवत खाली बसलं की सिंह दिसतो. टांझानियातल्या तारांगिरेत हे स्पष्ट कळतं. जुलै ते ऑक्टोबर हत्तींचे मोठे कळप तारांगिरे नदीच्या पात्रात येतात, सोंडेने वाळू उकरून पाणी काढतात. पाऊस पडला की तेच हत्ती उद्यानाबाहेर दूरवर पांगतात. एप्रिलमध्ये तारांगिरेचं पॅकेज स्वस्त का असतं, ते यावरून कळेल.

सावधान: हे हंगाम सरासरीने सांगितलेले आहेत. मे २०२४ च्या सुरुवातीला तलेक नदीला पूर आला, मसाई मारातले कॅम्प पाण्याखाली गेले आणि पर्यटकांना हेलिकॉप्टरने हलवावं लागलं. बुकिंग करण्यापूर्वी त्या वर्षीचा हंगामी अंदाज बघाच, विशेषतः एल निनोचं वर्ष असेल तर. अशा वर्षी पूर्व आफ्रिकेत ऑक्टोबर ते डिसेंबरचा पाऊस वाढण्याची शक्यता असते.

## टप्पा ३: कळप कोणत्या महिन्यात कुठे असतात

‘मायग्रेशन’ म्हणजे नदी ओलांडणं, अशी समजूत पक्की बसली आहे. प्रत्यक्षात तेरा लाखांच्या आसपास विल्डबीस्ट, त्यांच्यासोबत झेब्रा आणि गॅझेल ही छोटी हरणं, वर्षभर गोल फिरत असतात. पाऊस पडेल तिथे कोवळं गवत उगवतं आणि कळप तिकडे जातात. नदी ही त्या वाटेवरची एक अडचण आहे, इतकंच. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा: मसाई मारा राखीव क्षेत्र सुमारे १,५०० चौरस किलोमीटरचं, तर सेरेंगेटी जवळजवळ १४,७६३ चौरस किलोमीटरचं. वर्षातला बराचसा काळ हे कळप टांझानियातच असतात.

डिसेंबर अखेर ते मार्च: दक्षिण सेरेंगेटी आणि न्डुटू. इथली माती ज्वालामुखीच्या राखेची, गवत आखूड आणि खनिजांनी भरलेलं. व्यालेल्या माद्यांना तेच हवं असतं. जानेवारीच्या शेवटापासून फेब्रुवारीभरात बहुतेक पिल्लं थोड्याच आठवड्यांत जन्मतात. पिल्लू जमिनीवर पडतं, धडपडत उठतं, पुन्हा कोसळतं, पण काही मिनिटांत पायांवर उभं राहतं आणि लगेच आईच्या मागे पळायला लागतं. पळावंच लागतं, कारण तरस जवळच बसलेले असतात. मैदान मोकळं आणि गवत आखूड, त्यामुळे चित्त्याची पूर्ण धाव नजरेत मावते. माझ्या मते पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी हा काळ नदी ओलांडण्यापेक्षा उजवा आहे. रोज काही ना काही घडतं आणि एका क्षणावर सगळी सहल टांगलेली राहत नाही.

एप्रिल-मे: कळप सेरोनेराच्या (सेरेंगेटीचा मधला भाग) बाजूने वायव्येकडे सरकतात. पाऊस, चिखल, काही कॅम्प बंद.

जून: पश्चिम पट्टा, ग्रुमेती नदीचा भाग.

जुलै ते ऑक्टोबर: उत्तर सेरेंगेटी आणि मसाई मारा. मारा नदी ओलांडण्याचा काळ हाच. ऑगस्ट-सप्टेंबर सर्वांत भरवशाचे. लक्षात घ्या, नदी दोन्ही देशांतून वाहते. टांझानियाच्या बाजूला कोगाटेंडे भागातही हेच दृश्य दिसतं.

ऑक्टोबर अखेर ते डिसेंबर सुरुवात: छोट्या पावसाच्या मागोमाग कळप पूर्व सेरेंगेटीतून दक्षिणेकडे परततात.

नदीबद्दल एक गोष्ट आधीच समजून घ्या, म्हणजे तिथे चिडचिड होणार नाही. कळप काठावर जमतो. धूळ उडते, हंबरणं वाढतं, पुढचे काही प्राणी उतारावरून पाण्याला तोंड लावतात आणि कशाने तरी बिचकून सगळेच मागे फिरतात. असं दिवसातून अनेकदा होतं. मग कधीतरी एक झेब्रा किंवा विल्डबीस्ट पाण्यात उडी घेतो आणि मागचे सगळे त्याच्यावर लोटतात. संध्याकाळपर्यंत थांबून काहीच न होणं हेही नेहमीचंच. एकच कळप इकडून तिकडे जाऊन दोन दिवसांनी परतही येतो, कारण पलीकडच्या काठावर सर आलेली असते.

सावधान: ‘अमुक तारखेला क्रॉसिंग दाखवू’ असं वचन देणाऱ्याकडे बुकिंग करू नका. ती तारीख कोणालाच माहीत नसते.

तिथे गेल्यावर: पहिले प्राणी पाण्यात उतरेपर्यंत गाडी काठापासून लांब ठेवायला ड्रायव्हरला सांगा. गाड्यांनी उतार अडवला की कळप माघारी वळतो किंवा खडकाळ, उभ्या कड्यावरून उड्या घेतो आणि प्राण्यांचे पाय मोडतात. ‘अजून थोडं पुढे घ्या’ हे आपल्याकडून येणारं दडपण ड्रायव्हरला नाकारता येत नाही. ते आपणच घालायचं नाही.

## टप्पा ४: आता सुट्टी समोर ठेवा

मेची सुट्टी. पूर्व आफ्रिका सोडा. दक्षिण आफ्रिकेतलं क्रूगर घ्या: कोरडा हंगाम सुरू झालेला, गवत उतरू लागलेलं, डास कमी, डांबरी रस्ते, स्वतःची गाडी चालवत फिरण्याची सोय. एप्रिलपेक्षा मेचा दुसरा पंधरवडा चांगला. पहाटे थंडी असते आणि उद्यानाचे दरवाजे संध्याकाळी लवकर बंद होतात, त्याप्रमाणे दिवस आखा. नामिबियातलं इटोशाही मेपासून सुधारत जातं. बोत्स्वानातलं चोबे आणि व्हिक्टोरिया धबधबा यांची जोडी मेमध्ये जमते, फक्त तेव्हा धबधब्याला इतकं पाणी असतं की तुषारांच्या धुक्यात समोरचं दिसेनासं होतं. तरीही केनियालाच जायचं असेल तर मेअखेरीऐवजी जूनच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत थांबा. शाळेचे पहिले काही दिवस बुडतील, पण चिखलात अडकणार नाही. मारातली काळी माती भिजली की आपल्या काळ्या रानासारखीच चाकाला चिकटते आणि गाडी जागची हलत नाही.

ऑगस्ट-सप्टेंबर. स्वातंत्र्यदिन किंवा गणपतीच्या सुट्टीला रजा जोडता आली तर नदीसाठी यापेक्षा योग्य वेळ नाही. गर्दी आणि दर दोन्ही सर्वोच्च.

दिवाळी. इथे तारीख बघितल्याशिवाय काहीच ठरवू नका. २०२७ मध्ये लक्ष्मीपूजन २९ ऑक्टोबरला आहे आणि २०२८ मध्ये १७ ऑक्टोबरला. ऑक्टोबरच्या मध्यावर येणाऱ्या दिवाळीत मारात कळप सापडण्याची चांगली आशा असते. नोव्हेंबरात दिवाळी आली (२०२६ मध्ये ८ नोव्हेंबर), तर कळप परतीच्या वाटेवर असतात आणि छोटा पाऊस सुरू झालेला असू शकतो. ‘मागच्या दिवाळीत शेजाऱ्यांना दिसलं’ हा आधार म्हणूनच धरू नये.

नाताळ. केनिया-टांझानिया हिरवंगार, हवा धुतलेली, दुपारी एखादी सर. कळप दक्षिण सेरेंगेटीत पोचू लागलेले असतात, पिल्लं अजून नाहीत. सिंह-हत्तींसाठी उत्तम. २० डिसेंबर ते ५ जानेवारीचे दर मात्र फार चढे असतात.

शाळेचं बंधन नसेल तर: फेब्रुवारी. न्डुटूत पिल्लं, किंवा केनियात किलिमांजारोजवळचं अंबोसेली उद्यान आणि मारा. जानेवारी-फेब्रुवारीत किलिमांजारोचं शिखर पहाटे स्वच्छ दिसण्याची शक्यता जास्त असते. जून-जुलैत ते बऱ्याचदा ढगांतच असतं. निवृत्त आई-बाबांसाठी विचारणाऱ्यांना मी आधी हाच महिना सुचवते.

## टप्पा ५: मुक्कामाची जागा महिन्याप्रमाणे, उद्यानाच्या नावाप्रमाणे नाही

‘सेरेंगेटीत तीन रात्री’ या वाक्यात माहिती शून्य आहे. ऑगस्टमध्ये सेरोनेरात राहिलात तर मारा नदीचा काठ तिथून गाडीने चार-पाच तासांवर असतो. फेब्रुवारीत उत्तरेला राहिलात तर कळप पार दुसऱ्या टोकाला असतात. एजंटला नेमके हे प्रश्न विचारा आणि उत्तरं लेखी घ्या:

1. कॅम्प नकाशावर नेमका कुठे आहे? राखीव क्षेत्राच्या आत की फाटकाबाहेर?
2. आमच्या तारखांना कळप साधारण कोणत्या भागात असतात, आणि कॅम्पपासून तो भाग किती तासांवर?
3. गाडी फक्त आमची की इतरांबरोबर? वाटून घेतलेल्या गाडीत नदीवर सहा तास थांबायला सगळे तयार नसतात.
4. दिवसाच्या किलोमीटरवर मर्यादा आहे का?

नदीसाठी किमान तीन, शक्यतो चार रात्री एकाच भागात काढा. रोज नवं उद्यान अशी आखणी कागदावर भरगच्च दिसते, पण पहाटे आणि संध्याकाळी, म्हणजे प्राणी हलत असतात नेमक्या तेव्हा, तुम्ही महामार्गावर असता.

सावधान: मारा आणि सेरेंगेटी नकाशावर चिकटलेले दिसतात, पण पर्यटकांना मधून थेट सीमा ओलांडता येत नाही. इसेबानिया किंवा नामांगाच्या नाक्यावरून वळसा घालावा लागतो आणि त्यात अख्खा दिवस जातो. आठवड्याभराच्या सहलीत दोन देश घेऊ नका.

## टप्पा ६: दर कोणत्या तारखेला बदलतात ते बघा

मसाई मारा राखीव क्षेत्राचं प्रवेश शुल्क परदेशी प्रौढांसाठी २०२४ पासून जानेवारी ते जून १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबर २०० डॉलर, तेही प्रत्येक दिवसाला. ३० जून आणि १ जुलै यांत माणशी दिवसाला १०० डॉलरचा फरक पडतो. चौघांच्या कुटुंबाला हा आकडा जाणवतोच. तिकीट बारा तासांचं असतं. शेवटच्या दिवशी दहाच्या आत फाटकाबाहेर पडला नाहीत तर आणखी एका दिवसाचे पैसे लागू शकतात, हे वेळापत्रक आखतानाच धरा. पैसे भरण्यापूर्वी चालू दर पुन्हा विचारा आणि ‘शुल्क धरून’ की ‘वगळून’ हे पॅकेजवर लिहून घ्या. स्वस्त वाटणाऱ्या कोटेशनमधून बहुधा हीच रक्कम गायब असते.

माराला लागून असलेल्या खासगी कॉन्झर्व्हन्सी (संरक्षित रानं) महाग आहेत, पण तिथे गाड्यांच्या संख्येवर मर्यादा असते आणि रात्रीची सफारी करता येते. गर्दीच्या महिन्यात जायचंच असेल, तर इथल्या दोन रात्रींवर पैसे खर्च करणं मला योग्य वाटतं.

## टप्पा ७: प्रवासाच्या तारखेपासून मागे मोजा

नऊ ते बारा महिने आधी: जुलै ते सप्टेंबरसाठी नदीजवळचे कॅम्प. फेब्रुवारीतल्या न्डुटूसाठीही इतकीच घाई ठेवा, कारण तिथे जागा कमी. आधी कॅम्प, मग विमान. उलटं केलंत तर तिकिटाच्या तारखा कॅम्पला जुळवताना नको ती जागा गळ्यात पडते.

दोन-तीन महिने आधी: पिवळ्या तापाची लस. केनियासाठी ही टाळू नका. प्रमाणपत्राशिवाय परतलात तर भारतात विमानतळावरून थेट विलगीकरणात जावं लागू शकतं. लस ठरावीक सरकारमान्य केंद्रांवरच मिळते, सुट्टीच्या आधी वेळ मिळणं कठीण जातं, आणि प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी लागू होतं. आदल्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही. नऊ महिन्यांखालचं बाळ, गरोदर स्त्रिया, साठीपुढचे, अंड्याची ॲलर्जी किंवा प्रतिकारशक्तीचा त्रास असलेले यांनी आधी डॉक्टरांना विचारा. मलेरियाच्या गोळ्यांबद्दलही त्याच भेटीत विचारून घ्या. पावसाच्या महिन्यांत त्यांची गरज जास्त.

एक-दोन महिने आधी: केनियासाठी ऑनलाइन प्रवास परवाना, टांझानियासाठी वेगळा ई-व्हिसा. ‘ईस्ट आफ्रिका व्हिसा’ केनिया, युगांडा आणि रवांडासाठी चालतो, टांझानियाला नाही. दक्षिण आफ्रिकेचा व्हिसा मेच्या तोंडावर रेंगाळतो, त्यासाठी याहून आधी अर्ज करा.

आदल्या आठवड्यात: महिन्याप्रमाणे बॅग. जुलै-ऑगस्टला पहाटे उघड्या गाडीत चांगलीच थंडी वाजते. मारा समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरवर आहे आणि न्गोरोंगोरोचा कडा तर २,३०० मीटरच्या आसपास. स्वेटर, कानटोपी, वाऱ्याचं जॅकेट घ्या. गडद निळे-काळे कपडे घरी ठेवा, त्सेत्से माश्या त्या रंगांकडे येतात आणि त्यांचा चावा कापडातूनही बसतो. नैरोबीहून छोट्या विमानाने जाणार असाल तर बहुतेक ठिकाणी सामान १५ किलोपर्यंत आणि मऊ बॅगेतच चालतं. चकल्या-लाडू न्यायला हरकत नाही, पण प्लॅस्टिकच्या पिशव्यांत नको: केनियात २०१७ पासून आणि टांझानियात २०१९ पासून त्यांच्यावर बंदी आहे. कापडी पिशवी किंवा डबा घ्या.

शेवटची तपासणी: निघण्याच्या दोन दिवस आधी कॅम्पला थेट विचारा, कळप आत्ता कुठे आहेत आणि रस्ते कसे आहेत. पहिल्या दिवशी कोणत्या दिशेला गाडी काढायची ते त्या उत्तरावरून ठरवा.